मोहावेचा पाईप: शिल्लक आयुष्य नेमकं कशाचं मोजायचं?

९ जून १९८५. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, कोलोरॅडो नदीकाठी लाफलिन नावाच्या गावी मोहावे औष्णिक वीज केंद्र होतं. त्या दिवशी तिथल्या दोन नंबरच्या युनिटचा हॉट रिहीट पाईप, म्हणजे पुन्हा तापवलेली वाफ टर्बाइनकडे नेणारा पाईप, फुटला. पाईपचा व्यास ३० इंच, आत सुमारे ५३८ अंश सेल्सिअसची वाफ, दाब चौरस इंचाला ६०० पौंडांच्या आसपास. पाईप लांबीच्या वेल्डवर चिरत गेला आणि वाफ नियंत्रण कक्षात शिरली. सहा माणसं गेली, दहा गंभीर भाजली.

केंद्र तसं जुनं नव्हतं. ७९० मेगावॉटची दोन युनिट १९७१ मध्ये सुरू झालेली. कोळसा ॲरिझोनातल्या ब्लॅक मेसा खाणीतून यायचा, तोही रेल्वेनं नाही, तर पाण्यात कालवून ४४० किलोमीटर लांबीच्या पाईपलाइनमधून. म्हणजे अभियांत्रिकीच्या बाबतीत मागासलेला, डागडुजीवर चाललेला कारखाना हा नव्हे. पाईप सेवेत येऊन फक्त १४ वर्षं झाली होती, आणि वीज केंद्राचे जाड पाईप २५-३० वर्षं सहज चालतात असं तेव्हाही सगळे धरून चालत होते.

उच्च तापमानात काम करणाऱ्या धातूचं शिल्लक आयुष्य काढणं हा आज एक मोठा व्यवसाय आहे. आपल्याकडेही दर ओव्हरहॉलला कुणीतरी रेप्लिका (धातूच्या पृष्ठभागाचा ठसा) काढतं, हार्डनेस घेतं आणि जाडजूड रिपोर्ट देतं. मोहावेची घटना या विषयात काम करणाऱ्याला माहीत असते, पण बहुतेक वेळा 'सीम वेल्ड (पाईपच्या लांबीचा सांधा) फुटला' एवढ्या एका ओळीत. मला इथे वेगळा प्रश्न विचारायचा आहे. समजा ८ जून १९८५ ला कुणी या पाईपचं शिल्लक आयुष्य काढायला बसलं असतं, हातात त्या काळातली सगळी पुस्तकं, सगळी उपकरणं असती, तर उत्तर काय आलं असतं? आणि ते कुठे चुकलं असतं?

धातू दमतो म्हणजे काय होतं

पाईप सव्वा टक्का क्रोमियम आणि अर्धा टक्का मॉलिब्डेनम असलेल्या पोलादाचा होता. ५३८ अंश म्हणजे ८११ केल्विन, आणि हे पोलाद वितळतं साधारण १८०० केल्विनच्या आसपास. वितळबिंदूच्या निम्म्याजवळ पोचलेला धातू ताणाखाली स्वस्थ बसत नाही. ताण ठरावीक ठेवला तरी धातू हळूहळू लांबत राहतो. हाच क्रीप. सुरुवातीला वेग मंदावतो, मग वर्षानुवर्षं जवळजवळ एकाच गतीनं चालतो आणि शेवटी वाढत वाढत तुटण्यापर्यंत जातो.

आत दोन गोष्टी घडतात. पोलादाला बळ देणारे बारीक कार्बाइडचे कण एकत्र येऊन जाड होतात आणि धातू मऊ पडतो. दुसरं म्हणजे धातूच्या कणांच्या सीमांवर, विशेषतः ताणाला आडव्या असलेल्या सीमांवर, मायक्रॉनभर आकाराच्या पोकळ्या उगवतात. पोकळ्या वाढतात, रांगेत येतात, जुळतात, त्यांची चीर होते. पहिली गोष्ट सगळ्या पाईपभर सारखी घडते. दुसरी मात्र एखाद्या अरुंद पट्ट्यात घडू शकते आणि बाजूचा धातू अगदी ठणठणीत राहतो. मोहावेचं सगळं प्रकरण या फरकावर उभं आहे.

पहिली पायरी: कागदावरचा हिशोब

शिल्लक आयुष्य काढायची रीत तीन पायऱ्यांची असते. पहिल्या पायरीत पाईपला हातही लावत नाहीत. डिझाइनचे आकडे, चाललेले तास, तापमानाच्या नोंदी घेऊन टेबलावर हिशोब करतात.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण तो आपल्याकडच्या प्लांटमध्ये सर्रास ऐकू येतो: 'पाईपचं आयुष्य एक लाख तास.' तसं नाही. अमेरिकन संहितेत क्रीपच्या तापमानाला जो परवानगीचा ताण दिलेला असतो, त्याला एक लाख तासांचा आधार असतो. एक लाख तासांत सरासरी ज्या ताणाला तुकडा तुटतो त्याच्या ६७ टक्के, किंवा सर्वांत कमजोर घाणीचा (एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या खेपेचा) तुकडा ज्या ताणाला तुटतो त्याच्या ८० टक्के, यांतलं जे कमी ते घ्यायचं. म्हणजे परवानगीच्या ताणावर चालणारा पाईप एक लाख तासांनी तुटावा असा हेतूच नसतो.

मग तो किती टिकावा? ताण आणि आयुष्य यांचं नातं साधारण घातांकाचं असतं. या जातीच्या पोलादासाठी हिशोबापुरता घात पाच धरू. सरासरी धातूवर ताण दीडपटीनं कमी आहे, म्हणून आयुष्य दीडचा पाचवा घात, म्हणजे सुमारे साडेसात पट: साडेसात लाख तास. कमजोर घाणीचं सव्वाचा पाचवा घात, म्हणजे तीन लाख तास.

आता मोहावे. १९७१ ते १९८५, एकही तास बंद न पडता चाललं असतं तरी १४ वर्षांचे होतात सव्वा लाखाच्या आत. प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणजे अगदी कमजोर धातू धरला तरी निम्मं आयुष्यही संपलेलं नाही. ८ जूनला टेबलावर बसलेल्या इंजिनियरनं लिहिलं असतं: शिल्लक आयुष्य पावणेदोन लाख तास, वीस वर्षांची चिंता नाही. त्याचं गणित बरोबर असतं.

दहा अंशांची किंमत

इथे कुणी सावध माणूस म्हणेल, तापमानाच्या नोंदी पाहिल्या का? प्रश्न रास्त आहे. १९५२ मध्ये लार्सन आणि मिलर या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघांनी तापमान आणि काळ एका आकड्यात बांधले: केल्विनमधलं तापमान गुणिले (वीस अधिक तासांचा लॉग). एका ताणाला हा आकडा ठरलेला. ५३८ अंशांना एक लाख तास टिकणाऱ्या धातूसाठी तो येतो ८११ गुणिले २५, म्हणजे २०,२७५. हाच आकडा ५४८ अंशांना, म्हणजे ८२१ केल्विनला भागून पाहा. तास उरतात जेमतेम पन्नास हजार. ५५८ ला पंचवीस हजार. उलट ५२८ ला दोन लाखांच्या वर. थोडक्यात, दर दहा अंशांना आयुष्य निम्मं.

म्हणून 'सरासरी तापमान' हा या धंद्यातला सगळ्यांत फसवा आकडा आहे. समजा पाईप ९० हजार तास ५३८ वर आणि १० हजार तास ५५८ वर चालला. सरासरी काढली तर ५४०, आणि त्या हिशोबानं १,००,००० भागिले ८६,८००, म्हणजे १.१५ पट आयुष्य खर्ची पडलं. पण रॉबिन्सनच्या १९३८ च्या रीतीनं प्रत्येक तापमानाचा खर्च वेगळा मांडून बेरीज केली तर पहिल्या भागाचे ०.९ आणि दुसऱ्याचे ०.४, एकूण १.३. थोडेच तास, पण त्यांनी जवळजवळ एक तृतीयांश खर्च केला. प्लांटमध्ये लॉगशीटवर तासातासाला लिहिलेला आकडा बहुतेक वेळा डिझाइनचाच असतो, हे सांगायला नको. मी स्वतः लॉगशीटपेक्षा रिहीट स्प्रेचा, म्हणजे वाफ थंड करायला फवारलेल्या पाण्याचा, वापर आधी पाहतो. स्प्रे कायम भरपूर उघडा असेल, तर वर कुठेतरी धातू तापतोय हे नक्की.

रिहीटरच्या आतल्या ट्यूबांसाठी आणखी एक चांगली सोय आहे. वाफेच्या बाजूला साचलेल्या ऑक्साइडच्या थराची जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजता येते आणि तिच्यावरून ट्यूबनं इतकी वर्षं सरासरी किती तापमान सोसलं ते उलटं काढता येतं. ट्यूब खोटं लिहीत नाही. पण मोहावेचा पाईप बॉयलरच्या बाहेरचा, जाड, मिसळलेली वाफ वाहून नेणारा. तापमानाची फेरफार तिथे थोडी कमी असते, आणि केवळ तापमानानं त्याचं चौदाव्या वर्षी फुटणं समजत नाही. काहीतरी दुसरं होतं.

जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथेच सांधा

हॉट रिहीटचा पाईप मोठ्या व्यासाचा लागतो, कारण दाब कमी आणि वाफेचं आकारमान प्रचंड. तीस इंची अखंड पाईप ओढून काढणं महाग पडतं. म्हणून प्लेट वाकवून, कडा एकमेकींना लावून, लांबीभर सबमर्ज्ड आर्क वेल्ड (फ्लक्स नावाच्या भुकटीच्या थराखाली केलेला वेल्ड) मारून पाईप करण्याची पद्धत अमेरिकेत रुळली होती.

आता पाईपवरचा ताण पाहा. आतल्या दाबानं पाईपच्या घेराच्या दिशेला जो ताण येतो तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. दोन पाईप टोकाला जोडणाऱ्या आडव्या वेल्डवर दाबाचा जो ताण येतो तो या निम्म्या ताणाचा. लांबीच्या वेल्डला मात्र पूर्ण घेराचा ताण झेलावा लागतो, तोही पाईपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दिवसरात्र. त्यात प्लेट वाकवताना कडा नीट गोलाईत आल्या नाहीत, सांध्यापाशी छपरासारखा किंचित कोन राहिला, की वाकवण्याचा ताण वर बसतो. ताण दहा टक्क्यांनी वाढला तर घात पाचच्या हिशोबानं आयुष्य साठ टक्क्यांवर येतं.

आणि वेल्डचं स्वतःचं बळ? इथे त्या काळच्या संहितेची मोठी गोम आहे. लांबीचा वेल्ड पूर्ण रेडिओग्राफी करून पास झाला तर त्याची ताकद प्लेटइतकीच धरायला परवानगी होती, सांध्याचा गुणक एक. थंड पाईपसाठी, किंवा ४०० अंशांच्या खालच्या पाईपसाठी, हे ठीकच. पण क्रीपमध्ये वेल्ड ही एक वस्तू नसते. वेल्डचा धातू वेगळ्या गतीनं ताणला जातो, प्लेट वेगळ्या, आणि मधला एचएझेड, म्हणजे वेल्डच्या उष्णतेनं बदललेला प्लेटचा पट्टा, तिसऱ्याच गतीनं. ज्याची गती जास्त, त्याला शेजारी धरून ठेवतो आणि सीमेवर ताण साचतो. एक्स-रेवर पास झालेला वेल्ड क्रीपमध्ये पास होईलच असं काही नाही. रेडिओग्राफीला पोकळी दिसते ती वेल्ड मारताना राहिलेली. चौदा वर्षांनी उगवणारी नाही.

ही गोष्ट संहितेत शिरायला दोन दशकं लागली. २००० नंतर अमेरिकन पाईपिंग संहितांनी लांबीच्या वेल्डसाठी क्रीपमधला कपातीचा गुणक आणला. क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाला तो ५३८ अंशांवर ०.८२ धरतात. आपला मघाचा हिशोब या गुणकानं पुन्हा करून पाहू. ०.८२ चा पाचवा घात ०.३७. कमजोर घाणीच्या तीन लाख तासांचे उरले १ लाख १३ हजार. चौदा वर्षांच्या पूर्ण तासांच्या आतच.

या आकड्यानं मोहावेचा पाईप त्याच महिन्यात फुटणार होता असं सिद्ध होत नाही. घात पाच हा मी धरलेला, गुणक नंतरचा, आणि त्या विशिष्ट पाईपचा ताण परवानगीच्या अगदी टोकाला होता की खाली हेही इथे गृहीतच. पण पावणेदोन लाख तासांची राखीव पुंजी एका गृहीतकाच्या जागी दुसरं ठेवताच नाहीशी होते, हे आकडा स्पष्ट दाखवतो. टेबलावरचा इंजिनियर प्लेटचं आयुष्य मोजत होता.

दुसरी पायरी: रेप्लिका

आता दुसरी पायरी. युनिट बंद करून पाईपवरचं लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) उतरवायचं आणि धातू बघायचा. यातली मुख्य चाचणी रेप्लिकाची. हातभर जागा घ्यायची, ग्राइंडरनं वरचा ऑक्साइड आणि कार्बन उडालेला थर काढायचा, मग एमरीचे कागद खरखरीतपासून बारीकपर्यंत, मग कापडावर डायमंड पेस्ट, मायक्रॉनभर बारीक. आरशासारखं झालं की नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोनेक टक्के नायट्रिक आम्ल, कापसानं फिरवायचं. जागा धुरकट होते. कणांच्या सीमा उघड्या पडल्या. त्यावर ॲसिटोननं भिजवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म दाबायची, वाळली की सोलून काचपट्टीवर. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फिल्मवर पोकळ्या दिसतात. घाई करून पॉलिश केलं, तर पोकळ्यांवर धातू पसरून त्या बुजतात, किंवा जास्त एच केलं (आम्लानं कोरलं) तर साधा कार्बाइड निघून गेलेला खड्डा पोकळी वाटतो. उंच मचाणावर, चाळीस अंशांच्या उन्हात, रात्रपाळीच्या शेवटी केलेल्या रेप्लिका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या निम्म्यांवर काहीच म्हणता येत नाही, तरी रिपोर्टात त्यांना वर्ग मिळालेला असतो.

वर्ग लावायची पद्धत नॉयबाउअर आणि वेडेल यांनी १९८३ मध्ये मांडली, म्हणजे मोहावेच्या दोनच वर्षं आधी. सुट्या पोकळ्या असतील तर लक्ष ठेवा. एका दिशेनं रांगेत आल्या तर ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासा. जुळून सूक्ष्म चिरा झाल्या तर दुरुस्तीपर्यंत मर्यादित काळच चालवा. डोळ्याला दिसणारी चीर असेल तर लगेच दुरुस्ती. साधी, उपयोगी, आणि एचएझेडच्या बाहेरच्या पृष्ठभागावर उगवणाऱ्या नुकसानासाठी अजूनही उत्तम.

पण लांबीच्या वेल्डबाबत पहिली अडचण अशी की तो सापडतच नाही. कारखान्यात वेल्डचा फुगवटा घासून प्लेटच्या पातळीत आणलेला असतो. लॅगिंग काढल्यावर समोर येतो तो सलग, काळपट, एकसारखा पाईप. सीम कुठल्या बाजूला आहे हे ड्रॉइंगमध्ये नसेल तर घेरावर पट्टा घासून एच करावा लागतो, तेव्हा वेल्डची वेगळी छटा उमटते. ही पायरी गाळून जो रेप्लिका काढतो, तो पाईपच्या नव्वद टक्के सुरक्षित भागाचा फोटो घेऊन येतो.

दुसरी अडचण जास्त मूलगामी आहे. मोहावेनंतर अमेरिकेत ठिकठिकाणच्या सीम पाईपांचे तुकडे कापून पाहिले गेले, तेव्हा वारंवार असं दिसलं की नुकसान पृष्ठभागाखाली सुरू होतं. जाड प्लेट दोन्ही बाजूंनी वेल्ड करतात, आतून आणि बाहेरून. दोन्ही वेल्ड भिंतीच्या मध्यावर भेटतात तिथे फ्यूजन लाइनला (वेल्डचा धातू आणि प्लेट यांच्या सीमेला) टोक येतं. त्याला कस्प म्हणतात. त्या टोकाजवळ तिरप्या ताणांची गर्दी होते. त्यात फ्लक्स कुठल्या जातीचा वापरला यावर वेल्डमधल्या ऑक्सिजनचं प्रमाण ठरतं, आणि ऑक्सिजन जास्त असेल तर फ्यूजन लाइनवर ऑक्साइडच्या बारीक कणांची रांग राहते. प्रत्येक कण ही एक पोकळी उगवायची तयार जागा. म्हणजे वरून रेप्लिका स्वच्छ, हार्डनेस नेहमीसारखी, आणि पंधरा मिलिमीटर खाली चीर. ८ जूनला कुणी उत्तम रेप्लिका काढली असती, तरी ती खोटा दिलासा देण्याची शक्यता मोठी होती.

गळती आधी का नाही

पाईपमध्ये चीर असेल तर आधी शिट्टी वाजेल, वाफ दिसेल, मग बंद करू: ही आशा वीज केंद्रात सगळेच बाळगतात, आणि ट्यूब किंवा आडव्या वेल्डच्या बाबतीत ती पुष्कळदा खरी ठरते. चीर एका जागी खोल जाते, भिंत पार करते, गळते.

सीम वेल्डमध्ये चीर खोल जाण्याआधी लांब जाते. लांबीभर तोच वेल्ड, तोच फ्लक्स, तोच ताण, तेच वय. म्हणून मीटर-दोन मीटरभर सगळीकडे एकाच वेळी थोडं थोडं नुकसान झालेलं असतं. कुठेही भिंत पार झालेली नसते, पण उरलेली पातळ भिंत एका क्षणी पुरेनाशी होते, आणि पाईप बॅगेच्या चेनसारखा उघडतो. आत ४० बार दाबाची वाफ असते. तिथे इशारा मिळण्याइतका वेळ नसतो.

मोहावेच्या दुसऱ्याच वर्षी, जानेवारी १९८६ मध्ये, मिशिगनमधल्या मन्रो वीज केंद्राचा हॉट रिहीट पाईप फुटला. तोही सीम वेल्डवर. मग योगायोग म्हणायची सोय राहिली नाही.

तिसरी पायरी: तुकडा कापणं

अमेरिकेच्या विद्युत संशोधन संस्थेनं, एप्रीनं, १९८७ मध्ये सीम पाईपांसाठी मार्गदर्शक पद्धत काढली. आधी तुमच्याकडे सीम पाईप आहे का ते शोधा. असेल तर धोका कुठे जास्त ते ताण, तापमान आणि तासांवरून ठरवा. मग त्या जागांवर पूर्ण भिंतीची अल्ट्रासॉनिक तपासणी. रेप्लिका सोबत, पण तिच्या भरवशावर नाही. नंतर टाइम ऑफ फ्लाइट आणि फेज्ड ॲरे या अल्ट्रासॉनिकच्या नव्या पद्धती आल्यावर भिंतीच्या मध्यावरची तिरपी चीर पकडणं सोपं झालं. मात्र अल्ट्रासॉनिकला चीर दिसते. सुट्या पोकळ्यांचा ढग दिसेलच असं नाही.

शंका राहिली तर तुकडा. पोकळ कटरनं फ्यूजन लाइनवरून बुचासारखा गोल नमुना काढायचा. त्यावरची मला सर्वांत आवडलेली चाचणी अशी: नमुन्याला खाच देऊन तो द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा, उणे १९६ अंशांपर्यंत. पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. मग फ्यूजन लाइनवर फटका मारून तोडायचं. जिथे धातू निरोगी होता तिथे तुटलेल्या पृष्ठभागावर सपाट, चकचकीत पैलू दिसतात. जिथे क्रीपच्या पोकळ्या होत्या तिथे त्या उघड्या पडतात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली गोल गोल, कणांच्या सीमांवर बसलेल्या. पॉलिश करताना बुजण्याचा प्रश्नच नाही, आणि संख्या मोजता येते. बुचाचं भोक अर्थात नीट वेल्ड करून, पुन्हा उष्णता देऊन बंद करावं लागतं. तिथे हयगय केली तर तपासणीनंच नवा कमजोर बिंदू तयार केला.

चीर सापडलीच, तर शिल्लक आयुष्याचा प्रश्न बदलतो. किती तासांत धातू दमेल, हा हिशोब तिथे कामाचा नाही. उपकरणाला खात्रीनं दिसणारी सर्वांत लहान चीर वाढत वाढत धोक्याच्या आकारापर्यंत किती तासांत जाईल, हे मोजावं लागतं, आणि त्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी काळात पुढची तपासणी ठेवावी लागते. बऱ्याच मालकांनी हा सगळा खटाटोप न करता सीम पाईप काढून अखंड पाईप टाकले. महाग पडलं, पण एकदाच.

आपल्या बॉयलरांसाठी

भारतीय बॉयलर विनियमांत ३९१-अ हा नियम क्रीपमध्ये काम करणाऱ्या भागांची एक लाख तासांनंतर शिल्लक आयुष्याची तपासणी सक्तीची करतो. निकाल ठीक असेल तर बॉयलर निरीक्षक पुढे दहा वर्षांपर्यंत, किंवा तपासणाऱ्या संस्थेनं सांगितलेल्या त्याहून कमी काळापर्यंत मुदत देतात. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडून चालतं. कोराडी, चंद्रपूर, नाशिक, परळी, भुसावळ इथली २१० मेगावॉटची युनिट याच चाळणीतून गेली. कोराडीच्या सहा नंबरच्या युनिटचं नूतनीकरण तर जागतिक बँकेच्या प्रकल्पातून झालं. आपल्या २१० मेगावॉटच्या युनिटमधल्या मुख्य वाफेचे पाईप अखंड असतात, त्यामुळे मोहावेचं थेट चित्र तिथे लागू होत नाही. तिथली दुखणी हेडरच्या (अनेक ट्यूब ज्याला जोडतात त्या जाड नळाच्या) स्टबची, वाय-पीसची, टी-जोडाची, बेंडच्या बाहेरच्या बाजूची आणि बसलेल्या हँगरनं (पाईप टांगून ठेवणाऱ्या आधारानं) लादलेल्या वजनाची.

तरीही रिपोर्ट हातात आला की मी निष्कर्षाचं पान नंतर उघडतो. आधी जागांचा नकाशा पाहतो. किती रेप्लिका काढल्या यापेक्षा कुठे काढल्या हे महत्त्वाचं. सरळ पाईपच्या मधोमध काढलेल्या वीस रेप्लिका आणि बेंडच्या बाहेरच्या बाजूला एकही नाही, असा नकाशा मी नाकारतो. मग पाईप अखंड की सीमचा, हे प्रमाणपत्रावरून ठरवलेलं आहे की पाईपवर एच करून? जुन्या प्लांटमध्ये मूळ पाईप अखंड असतात, पण वीस वर्षांत बदललेला एखादा तुकडा, क्लॅमशेल एल्बो, म्हणजे दोन अर्ध्या कवचांची वेल्ड केलेली वळणं, कुठून आली याची नोंद सापडत नाही. अशी नोंद नसेल तर ती जागा सीमचीच आहे असं धरून अल्ट्रासॉनिक करून घ्यावं. त्यानंतर हँगरचे थंड आणि गरम स्थितीतले आकडे, दोन्ही. आणि शेवटी हिशोबात तापमान कोणतं घेतलं: डिझाइनचं, सरासरीचं, की तासांच्या गटांत वाटलेलं खरं. पहिल्या दोनपैकी काही असेल, तर 'पुढील पाच वर्षं सुरक्षित' या ओळीवर मी सही करत नाही, आणि रिपोर्ट नोंदींसह परत पाठवतो.